वादळ जाते, अंधार राहतो

कोकणातल्या घराला आगोटीची सवय जुनी आहे. मे महिन्यात कौले चाळायची, सरपण पडवीत रचायचे, डाळ-तांदूळ, मसाला, कोकमे, सुकी मासळी डब्यांत भरून ठेवायची. आता या बेगमीत वादळाचीही भर घालायला हवी. अरबी समुद्रातली चक्रीवादळे मुख्यतः पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये आणि पाऊस सरताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात.

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. वारा काही तासांत ओसरला, पण विजेचे खांब आडवे झाले होते. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीच्या अनेक गावांत वीज यायला कित्येक दिवस, काही ठिकाणी काही आठवडे लागले. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही. मोबाइलचे मनोरेही बंद, त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या मुलांना आई-वडिलांची खबर मिळेना. म्हणून तयारी वाऱ्यापुरती करू नका, नंतरच्या अंधाराचीही करा.

मेमध्येच उरकायची कामे
- पत्र्यांचे हुक आणि नटबोल्ट घट्ट करून घ्या. फुटकी कौले बदला.
- घरावर झुकलेल्या फांद्या, माडाच्या सुक्या झावळ्या आणि नारळ उतरवून घ्या.
- विहिरीसाठी दोर आणि बादली जवळ असू द्या.
- रक्तदाब, मधुमेहाची औषधे निदान पंधरा दिवसांची भरून ठेवा. थोडी रोख रक्कमही हवी, वीज नसली की एटीएम चालत नाही.
- आधार, रेशनकार्ड, सातबारा, बँकेचे पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत बांधा.
- घराचे, गोठ्याचे, बागेचे फोटो काढून ठेवा. नुकसानीच्या पंचनाम्याच्या वेळी उपयोगी पडतात.

इशारा आल्यावर
टाक्या, हंडे, कळश्या भरा. फोन आणि बॅटऱ्या चार्ज करा. अंगणातले सुटे सामान आत घ्या. घर कच्चे असेल तर उजेडीच शाळेत किंवा पक्क्या घरात जा. वारा सुरू झाला की मेन स्विच आणि गॅस बंद करा. मध्येच सगळे शांत झाले तरी बाहेर पडू नका. वादळाचा डोळा जात असेल, तर थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने येतो. नंतरही तुटलेल्या तारांना हात लावू नका. मदतीसाठी ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ लक्षात ठेवा.

तुम्ही समुद्रापासून दूर राहता? जून २०२३ मधले ‘बिपरजॉय’ गुजरातच्या किनाऱ्यावर आदळून पुढे राजस्थानात शिरले आणि बाडमेर, जालोर, सिरोहीत पूर आला. आणि तुम्ही कुठेही असलात, तरी गावच्या घरात आई-बाबा किंवा सासू-सासरे एकटे असतीलच ना? मग येत्या रविवारच्या फोनवर तीन गोष्टी ठरवून टाका. वादळात ते कोणाच्या घरी जातील, शेजारचे कोण त्यांच्याकडे बघेल आणि फोन लागला नाही तर तालुक्याच्या गावातून निरोप कोण देईल. ती नावे आणि नंबर मोबाइलमध्ये नकोत, भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक अक्षरांत लिहायला सांगा. मोबाइल बंद पडला तरी कॅलेंडर वाचता येते.