फेकण्याआधी उघडून बघा!

देवनारकरांना 'फेकून दिलं' म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. 1927पासूनचं डम्पिंग ग्राउंड शेजारीच आहे. म्हणून जुन्या गाडीचा ऑइल फिल्टर जगवणं हा नुसता शौक नाही. आजचा फिल्टर बहुतेकदा अख्खाच बदलतात. जुन्या धाटणीच्या फिल्टरचं धातूचं भांडं मात्र टिकतं. ते साफ करायचं, आतला एलिमेंट आणि रबरी रिंग तेवढी नवी घालायची. रिंग नीट बसली नाही, तर ऑइल गळून इंजिन जाऊ शकतं. हा अंदाज मिस्त्रीच्या बोटांत असतो. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीची शेवटची टॅक्सी 2023मध्ये रस्त्यावरून उतरली. मिस्त्रींचं कसबही असंच जायला नको. दोस्तांनो, सुट्टीत गॅरेज गाठा, शिकून घ्या. आणि हो, काढलेलं ऑइल गटारात ओतू नका!