ईशानला चित्र काढता आले नसते तर?

“पोरगं हुशार हाये, डॉक्टरसाहेब. गोठ्यातलं सगळं काम करते, बाजाराचा हिशेब तोंडी सांगते. पन पुस्तक हाती घेतलं का त्याले घाम फुटते. डोक्याचं एखादं टॉनिक लिहून द्या याले.” सहामाहीचा निकाल लागला की वाशीम जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत असे पालक येतात. सोबतचा मुलगा तिसरी-चौथीतला असतो आणि जमिनीकडे बघत उभा राहतो. ‘आळशी’, ‘ढ’, ‘लक्षच देत नाही’ हे शब्द त्याने इतक्यांदा ऐकलेले असतात की डॉक्टरही तेच सांगणार, अशी त्याची खात्री असते.

हा मुलगा आपण पडद्यावर पाहिलेला आहे. २१ डिसेंबर २००७ रोजी ‘तारे जमीन पर’ प्रदर्शित झाला आणि दर्शील सफारीने साकारलेला ईशान अवस्थी घराघरांत पोहोचला. अमोल गुप्ते यांचे लेखन आणि आमिर खान यांचे दिग्दर्शन असलेल्या या चित्रपटाला कुटुंबकल्याणविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याने केलेले काम कोणत्याही आरोग्य मोहिमेला जमले नसते. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द त्याने पाठ्यपुस्तकातून बाहेर काढून चहाच्या टपरीपर्यंत नेला. त्यातला एक प्रसंग तर प्रत्येक पालकसभेत दाखवावा असा आहे. कलाशिक्षक निकुंभ ईशानच्या वडिलांसमोर परकी लिपी छापलेला एक खोका धरतात आणि वाचायला सांगतात. वडील म्हणतात, हे मला येत नाही. मग निकुंभ त्यांच्यावरच मुजोरीचा आरोप करतात. ‘येत नाही’ आणि ‘करत नाही’ यांतला फरक इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी समजावला असेल.

हे ऋण मान्य करूनच एक गोष्ट बोलायला हवी. ईशानची सुटका दोन योगायोगांवर उभी आहे. पहिला योगायोग म्हणजे त्याला असा शिक्षक भेटला, ज्याने स्वतः लहानपणी हाच त्रास भोगला होता. दुसरा म्हणजे ईशान अप्रतिम चित्रे काढत होता. शेवटच्या चित्रकला स्पर्धेत तो पहिला येतो, सारी शाळा टाळ्या वाजवते आणि आपले डोळे भरून येतात. पण ईशानला चित्र काढता आले नसते तर? तो चारचौघांसारखाच एक साधा मुलगा असता, तर त्याला वाचायला शिकवण्याची धडपड कमी मोलाची ठरली असती का?

चित्रपटानंतर एक गोड गैरसमज रुजला. वाचता न येणाऱ्या प्रत्येक मुलात एक कलावंत दडलेला असतो, असा तो समज. वर्गात निकुंभसर आइन्स्टाइन, एडिसन यांची नावे घेतात, तीही लोकांनी लक्षात ठेवली. प्रत्यक्षात अध्ययन अक्षमता असलेली मुले इतर मुलांसारखीच असतात. त्यांच्यात काही चित्रकार निघतात, काही खेळाडू निघतात आणि बरीचशी मुले साधी, नाकासमोर चालणारी असतात. त्यांच्यात ‘दडलेला हिरा’ सापडला नाही की घरच्यांचा धीर सुटतो. वाचायला शिकणे हा मुलाचा हक्क आहे. अंगी एखादी कला असल्याबद्दल मिळणारे ते बक्षीस नव्हे.

अध्ययन अक्षमता म्हणजे नेमके काय? मुलाची बुद्धी सर्वसाधारण असते, डोळे-कान ठीक असतात, शाळेत जाणे नियमित असते, तरीही वाचन, लेखन किंवा गणित यांतले एखादे कौशल्य वयाच्या मानाने बरेच मागे राहते. वाचनाच्या अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनाच्या अडचणीला डिस्ग्राफिया आणि गणिताच्या अडचणीला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. एकाच मुलात यांतल्या दोन किंवा तिन्हीही असू शकतात. शाळकरी वयातल्या साधारण ५ ते १५ टक्के मुलांत यांपैकी काही ना काही आढळते, असे वैद्यकशास्त्र मानते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात अशी दोन ते सहा मुले निघू शकतात. ही अवस्था बरेचदा घराण्यात चालत येते. आईवडिलांच्या लाडामुळे, मोबाइलमुळे किंवा मार कमी पडल्यामुळे ती होत नाही.

हे काही आजचे खूळही नाही. इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्येच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची नोंद केली होती. मुलगा चलाख, खेळात तरबेज, पण वाचता येत नव्हते. सगळे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. बाजाराचा हिशेब तोंडी सांगणारा आपल्याकडचा मुलगा त्या पर्सीचाच भाऊबंद म्हणायचा.

चित्रपटात अक्षरे नाचताना दिसतात. पडद्यावर ते परिणामकारक वाटते, पण त्यातून दोष डोळ्यांत आहे असा समज होतो. खरी अडचण बहुतेक वेळा आवाज आणि अक्षर यांची सांगड घालण्यात असते. ‘कमळ’ या शब्दात क, म, ळ असे तीन तुकडे आहेत हे कानाने ओळखायचे आणि प्रत्येक तुकड्याला एक खूण जोडायची, हे काम मेंदूतल्या ठरावीक भागांकडे असते. या मुलांत ते भाग वेगळ्या पद्धतीने काम करतात. अक्षर उलटे काढणे तर सहा-सात वर्षांपर्यंत अनेक मुलांत दिसते आणि आपोआप जाते. तेवढ्यावरून घाबरायचे कारण नाही.

आपल्या मराठीत या मुलांची अडचण थोडी वेगळी दिसते. भ आणि म, घ आणि ध यांत गोंधळ होतो. अनुस्वार गळतो, मात्रा शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची, पण म्हणायची मात्र नंतर. रफार आधी म्हणायचा आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर द्यायचा. जोडाक्षर आले की मूल थबकते किंवा अंदाजाने भलताच शब्द ठोकून देते. तिसरी ओलांडल्यावरही हे रोज दिसत असेल, तर ‘अभ्यास कर’ एवढे सांगून भागत नाही.

आणखी एक गल्लत दूर करायला हवी. २०२५ मध्ये आलेला ‘सितारे जमीन पर’ हा चित्रपट बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंविषयी आहे. नावे सारखी असल्याने अनेकांनी दोन्ही अवस्था एकच मानल्या. बौद्धिक अक्षमतेत एकूण आकलन आणि दैनंदिन व्यवहार यांवर परिणाम होतो. अध्ययन अक्षमतेत बुद्धी शाबूत असते, अडते ते एखादे कौशल्य. मदतीचा हक्क दोघांनाही आहे, पण मदतीची रीत वेगळी आहे.

आता वाशीमकडे वळू. ईशानचे वडील मुंबईत नोकरीला होते, त्याला निवासी शाळेत पाठवण्याची त्यांची ऐपत होती. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून काम करते, शीवच्या पालिका रुग्णालयात या मुलांसाठी वेगळे क्लिनिक आहे. मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलाचे काय? त्याला न वाचता येण्याची कारणेही एकापेक्षा जास्त असू शकतात. कान वाहून वाहून ऐकू कमी येत असेल. चष्म्याचा नंबर असेल आणि फळ्यावरचे दिसतच नसेल. रक्त कमी असेल, म्हणून वर्गात पेंग येत असेल. मध्येच काही सेकंद नजर स्थिर होऊन मूल हरवल्यासारखे होत असेल, तर तो फेफऱ्याचा सौम्य प्रकार असू शकतो. आईवडील कामासाठी परगावी गेल्याने शाळेचे महिने बुडाले असतील. तांड्यावरच्या मुलाच्या घरी गोरमाटी बोलतात आणि शाळेचे पुस्तक मराठी असते. नवी भाषा शिकायला लागणारा वेळ हा आजार नाही. त्यावर अक्षमतेचा शिक्का मारणे हा त्या मुलावर दुसरा अन्याय होईल.

मग ओळखायचे कसे? क्रम साधा आहे. आधी कान आणि डोळे तपासायचे, रक्त तपासायचे. त्याच वेळी शाळेत तीन-चार महिने रोज थोडा वेळ अक्षर आणि आवाज यांची सांगड पद्धतशीर शिकवायची. ज्यांचा अभ्यास फक्त बुडाला होता ती मुले या काळात बरीच पुढे सरकतात. जी सरकत नाहीत, त्यांना बुद्ध्यांक आणि अध्ययन अक्षमतेच्या चाचण्यांसाठी पाठवायचे. पक्के निदान साधारण आठव्या वर्षानंतर करतात, पण मदतीसाठी निदानापर्यंत थांबायचे कारण नाही.

यासाठी नवा कायदा लागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला २१ दिव्यांगत्वांमध्ये स्थान दिले. त्याच कायद्याच्या कलम १६ नुसार ही अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य अध्यापन होईल, हे पाहणे शाळांचे कर्तव्य आहे. २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीतही अध्ययनातील अडचण आहे. त्याची पथके शाळेत वर्षातून एकदा येतात. समग्र शिक्षा अभियानात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक आहेत. प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.

तरीही मूल मध्येच हरवते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. तिथे आरोग्य आणि शिक्षण या दोन्हींचे मोजमाप होते, पण हे मूल नेमके दोन खात्यांच्या मधल्या फटीत पडते. शाळेला वाटते हे डॉक्टरांचे काम, डॉक्टरांना वाटते हे गुरुजींचे काम. पथक एका दिवसात अनेक मुले तपासते. दात किडलेला दिसतो, हृदयातला आवाज ऐकू येतो, पण न वाचता येणे पुस्तक हाती दिल्याशिवाय दिसत नाही. म्हणून पथक येण्याआधी शिक्षकांनी अशा मुलांची नावे आणि वह्या वेगळ्या काढून ठेवाव्यात आणि पथकाने त्या वह्या पाहाव्यात. पुढे पाठवलेले मूल जिल्हा रुग्णालयात पोहोचले का, हे विचारण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसावर असावी. कारंज्याहून किंवा मानोऱ्याहून वाशीमला येणे म्हणजे मजुरी करणाऱ्या बापाचा दिवस बुडणे. त्यामुळे सगळ्या चाचण्या एकाच दिवशी व्हायला हव्यात. दुसरी तारीख दिली की निम्मे पालक परत येत नाहीत, हे ओपीडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर आहे, त्यात हे एक ओझे कशाला, असे विचारले जाईल. तक्रार खरी आहे. पण चित्रपटातच पाहा, निकुंभसरांनी कोणते यंत्र वापरले? वाळूत अक्षरे गिरवली, मातीची बनवली, पायऱ्यांवर गणित शिकवले. वाळू आणि माती वाशीमच्या कोणत्याही शाळेत फुकट मिळते. एक खोट मात्र चित्रपटात आहे. तिथे काही मिनिटांत मूल वाचू लागते. खऱ्या आयुष्यात त्याला महिने लागतात, कधी वर्षे लागतात. वेग कमीच राहतो, पण बहुतेक मुले कामापुरते वाचायला नक्की शिकतात.

पालकांसाठी सांगणे एवढेच आहे की, या अडचणीवर गोळी नाही, टॉनिक नाही, मारही नाही. त्यावर पैसे घालवू नका. धडा मोठ्याने वाचून दाखवा. तुम्हाला वाचता येत नसेल तर थोरल्या बहिणीला सांगा. मूल जे तोंडी सांगते ते ऐकून घ्या. भावाशी तुलना करू नका. शिक्षकांना भेटून ‘याचे कान-डोळे तपासून आणले आहेत, आता पुढे काय करायचे?’ असे विचारा. हा प्रश्न विचारणाऱ्या बापाचे मूल सहसा मागे पडत नाही.

ओपीडीत जमिनीकडे बघत उभ्या असलेल्या मुलाला चित्र काढता येत नसेल, गाता येत नसेल. तो कदाचित कोणत्याच स्पर्धेत पहिला येणार नाही. उद्या एसटीच्या पाटीवरचे गावाचे नाव, खताच्या पोत्यावरची सूचना, बँकेच्या कागदावरची अट त्याला स्वतः वाचता यावी, एवढेच हवे आहे. त्यासाठी निकुंभसर वाशीमला येण्याची वाट बघायची नाही. पुढच्या सहामाहीच्या निकालाआधी त्याचे कान आणि डोळे तपासायचे आहेत.