आवाज तिचा, मोजमापही तिचंच

मैत्रिणींनो,

मागच्या महिन्यात भोरला आपल्या कार्यकर्त्यांची बैठक झाली. तिथे एका प्रश्नावरून दोन तट पडले. तोच प्रश्न तुमच्यापुढे ठेवते आहे.

गेलं वर्षभर आपल्या गटात एक पारलिंगी मैत्रीण येते. वेल्ह्याकडच्या एका वाडीत ती शिवणकाम करते. रोज पहाटे पंधरा मिनिटं ती आवाजाचा सराव करते. शेजार जवळ, म्हणून गोठ्यामागे जाऊन. आवाज बाईचा वाटावा, ही तिची इच्छा. बैठकीत एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाली, "बायांनो, मोठ्यानं बोला, ग्रामसभेत उठून बोला, असं आपण सांगत आलो. मग हिनं मात्र हळू, गोड बोलायला शिकायचं? बायकी आवाज कसा असावा हे ठरवलं कुणी?"

प्रश्न खोटा नाही. पण तिचं उत्तर ऐका. ती म्हणाली, "मला गोड बोलायचं नाही. मला गिऱ्हाइकाचा फोन उचलायचाय. 'दादा, ताईंना द्या' असं ऐकलं की पुढचं बोलणंच खुंटतं. एसटीत तोंड उघडलं की माना वळतात. परतीची गाडी संध्याकाळची असते, तेव्हा भीती वाटते."

म्हणजे हा नटण्यामुरडण्याचा प्रश्न नाही. पोटाचा आणि सुरक्षिततेचा आहे. आणि त्याहून आधी, आपलाच आवाज आपल्याला परका वाटू नये, याचा आहे.

यातलं शास्त्रही समजून घेऊ. मुलगा म्हणून वाढलेल्या शरीरात वयात येताना स्वरतंतू लांब आणि जाड होतात. पुढे स्त्रीसंप्रेरकं घेतली तरी ते पूर्वीसारखे होत नाहीत. म्हणून सराव करावा लागतो. पुरुषांचा बोलण्याचा स्वर साधारण १०० ते १३० हर्ट्झ असतो, बायकांचा १८० ते २२०. पण नुसती पट्टी चढवून भागत नाही, आवाज चिरका होतो. तो छातीत घुमतो की तोंडात पुढच्या बाजूला, वाक्याचा चढउतार कसा, हेही तितकंच महत्त्वाचं. घसा दुखला की थांबायचं, पाणी प्यायचं, आणि जमेल तेव्हा वाचा-उपचार तज्ज्ञाला दाखवायचं. आपल्या मराठीत तर क्रियापदही साक्ष देतं. 'गेलो'चं 'गेले' एका दिवसात करता येतं, आवाजाला महिने लागतात.

म्हणून ती वही ठेवते. तारीख, किती मिनिटं, घसा दमला का. दर रविवारी तोच उतारा मोबाइलवर वाचून ठेवते आणि महिन्यापूर्वीचा ऐकून ताडून पाहते. रोज ऐकलं तर फरक कळत नाही, उलट नाउमेद व्हायला होतं, असं ती सांगते. शेवटच्या रकान्यात आधी ती लिहायची, 'आज कुणी काय हाक मारली.' तो रकाना तिनं आता खोडला आहे. तिथे लिहिते, 'आज मला कसं वाटलं.'

इथे माझी चूक सांगते. एकदा मी कौतुकानं म्हणाले, "आता अगदी बाईच वाटतेस हं!" ती म्हणाली, "ताई, मार्क देऊ नका." मी समाजकार्याची पदवी घेतलेली बाई, पण नकळत परीक्षक होऊन बसले होते.

याच महाराष्ट्रानं बालगंधर्वांना, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंसांना, डोक्यावर घेतलं. त्यांच्या स्त्रीभूमिका पाहून घरंदाज बायकांनी नेसण्या-सजण्याची रीत उचलली. रंगमंचावर चाललं ते एसटीच्या थांब्यावर का चालू नये? १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकला अंजली पाटील यांचा स्त्रियांसाठी राखीव जागेवरचा अर्ज नाकारला गेला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं जानेवारी २०२१ मध्ये त्यांना लढू दिलं आणि त्या निवडून आल्या. त्यासाठी आवाजाची परीक्षा द्यावी लागली नाही. मग आपल्या बचत गटात ती का असावी?

आणि जिला सराव करायचाच नाही, जी आहे त्याच आवाजात बोलते, तीही तितकीच आपली.

बैठकीत शेवटी तीन गोष्टी ठरल्या. गटाची खोली सकाळी तिच्या सरावाला मोकळी ठेवायची. पुण्याला तज्ज्ञाकडे जाण्याचं भाडं गटानं द्यायचं. आणि तिच्या आवाजावर, चांगला की वाईट, तिनं विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. ज्येष्ठ कार्यकर्तीचं पूर्ण समाधान झालेलं नाही, पण खोलीची किल्ली तिनंच काढून दिली.

तुमच्या गावात, गटात काय घडतं आहे? जरूर लिहा.

तुमची,
संपादक