वेग घेताना गाडी थरथरते?
वाचकहो, विजेवरच्या मोटारीला इंजिन नाही, क्लच नाही. मग वेग घेताना ती का थरथरावी? आधी चाकाच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल पाहा. शेतातून येणाऱ्या गाडीचे दुखणे पुष्कळदा एवढेच असते! तो खरवडा, चाकाचे नट आवळा, हवा बघा.

मग मोकळ्या रस्त्यावर पारख करा. पाय उचलूनही ठराविक वेगाला थरथर राहिली, तर चाकांचे बॅलन्सिंग करून घ्या. अ‍ॅक्सिलेटर दाबताच सुरू आणि सोडताच बंद, असे होत असेल, तर संशय एक्सलच्या आतल्या सांध्यावर, म्हणजे सी. व्ही. जॉइंटवर घ्यावा. विजेची मोटार उभ्या गाडीलाही क्षणात पूर्ण जोर लावते, आणि तो सारा या सांध्यातून जातो. त्याचे रबरी बूट फाटले की ग्रीस गळते, धूळ शिरते, सांधा झिजतो. बूट वेळीच बदलले तर थोडक्यात भागते. नाहीतर अख्खा एक्सल बदलावा लागतो.

मात्र नारिंगी वेष्टनाच्या तारांना हात लावू नका. त्यांत शेकडो व्होल्टचा दाब असतो. पंपाच्या स्टार्टरची पेटी घरीच उघडणाऱ्या मंडळींना हे मुद्दाम सांगतो आहे.