झाली किती, राहिली किती

निवृत्तीला दोन महिने उरले असताना पेन्शनचे कागद भरण्यासाठी मी घरी आणले होते. २०१७ सालची गोष्ट. रविवारची दुपार होती, जेवणे झाली होती. 'कुटुंबाचा तपशील' या रकान्यात पत्नीचे नाव, मुलाचे नाव, त्याची जन्मतारीख असे सगळे व्यवस्थित लिहिले आणि कागद सहीसाठी तिच्यापुढे सरकवला. सही करण्याआधी कागद पहिल्या ओळीपासून वाचायचा, ही सवय तिला मीच लावलेली. तिने वाचला आणि म्हणाली, "एक राहिलं."

मला वाटले, एखादी झेरॉक्स राहिली असेल. "कोणतं?" मी विचारले.

तिने मुलाच्या नावावर बोट ठेवले. "याच्या वर."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले. १९८५ साली आम्हाला मुलगी झाली होती. आठव्या महिन्यातच झाली, नऊ दिवस जगली आणि गेली. त्यानंतर तीन वर्षांनी मुलगा झाला, घर भरले, बदल्या झाल्या, बढत्या झाल्या. त्या नऊ दिवसांबद्दल आमच्या घरात बत्तीस वर्षे कोणी अवाक्षर काढले नव्हते. मी म्हणालो, "हा फॉर्म हयात मुलांचा आहे." नियमाने माझे बरोबर होते. "ते मला कळतंय," असे म्हणून तिने सही केली आणि ती चहा टाकायला उठली.

चौतीस-पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला त्या दोन शब्दांनी जेवढे अस्वस्थ केले, तेवढे कोणत्याही ऑडिटने केले नसेल. बंद झालेले खाते आम्ही वहीतून फाडून टाकत नाही. त्याचे पान राहते, त्यावर उघडल्याची तारीख राहते, बंद केल्याचीही राहते. मग घरच्या वहीतले हे पान मी कधी आणि कसे फाडले?

त्या आठवड्यात कपाटातून श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' काढली. १९६८ साली आलेली ही कादंबरी कॉलेजात असताना मी एका बैठकीत वाचली होती. तेव्हा मनात राहिले ते गोपाळरावांचा विक्षिप्त हट्ट, आनंदीचे बोटीत चढणे, अमेरिकेतली थंडी. तिच्या बाळाचा भाग डोळ्यांखालून गेला असणार. पण तो वाचल्याचे काही केल्या आठवेना.

आनंदीबाईंची हकिगत महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. १८६५ चा जन्म, नवव्या वर्षी लग्न, पोस्टात नोकरी करणारे आणि वयाने वीस वर्षांनी मोठे गोपाळराव. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. त्यानंतर मुलीने परपुरुष डॉक्टरला नाडी दाखवायची नाही अशा त्या काळात, बायकांसाठी बाईच डॉक्टर हवी हे त्यांनी मनाशी धरले. १८८३ साली त्या कलकत्त्याहून निघाल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी निबंध लिहिला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांची वाट पाहत होते. पण क्षयाने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, आपल्या या पुण्यात त्या गेल्या. त्यांची रक्षा अमेरिकेत त्यांना लेकीसारखे वागवणाऱ्या कार्पेंटर बाईंकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत तिच्यावर आनंदीबाईंच्या नावाचा दगड उभा राहिला.

आता या सगळ्यात ते बाळ कुठे आहे, पाहा. शाळेच्या धड्यात, भाषणात, २०१९ साली आलेल्या चित्रपटानंतरच्या गप्पांत ते येते ते 'कारण' म्हणून. बाळ गेले, म्हणून आई डॉक्टर झाली. वाक्य संपले. बाळाच्या वाट्याला त्या वाक्यातला 'म्हणून' एवढाच शब्द येतो. बारसे बाराव्या दिवशी आणि बाळ जगले दहा दिवस, म्हणजे नाव ठेवण्याचा दिवसही उजाडला नाही. आनंदीबाईंच्या नावाचा दगड सातासमुद्रापलीकडे आहे. त्यांच्या मुलाचा कुठेच नाही. आणि दुःखाचे असे सोने करण्याची ताकद किती आयांजवळ असते? ज्यांच्याजवळ ती नसते, त्या एखादे झबले जपतात आणि गप्प बसतात.

आपल्या चालीरीतींनीही या गप्प बसण्याला हातभार लावला. सहाव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी ललाटलेख लिहायला येते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. आमचे बाळ दवाखान्यात काचेच्या पेटीत होते, तरी माझ्या आईने घरी पाट मांडला होता. तिसऱ्या दिवशी तो तिनेच उचलला. दात येण्याआधी गेलेल्या मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. त्याचे दिवस करत नाहीत, श्राद्ध घालत नाहीत. मुठेच्या काठी माझे काका आणि मी असे दोघेच गेलो होतो. मुलीच्या आईने त्या वेळी घरीच राहायचे असते. ठेवले कुठे, हे तिने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. पुढच्या आठवड्यात महापालिकेच्या एकाच खिडकीवर जन्माचा आणि मृत्यूचा असे दोन दाखले मिळाले. दोन्हींवर नावाच्या जागी रेघ होती. मी ते फाइलला लावले.

या रीती निर्दय माणसांनी पाडल्या असे मी म्हणणार नाही. त्या काळाचा हिशेब वेगळा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी या देशात जन्मलेल्या हजार मुलांपैकी दोनशेहून अधिक मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. प्रत्येक तान्ह्या बाळाचे वर्षश्राद्ध घालायचे ठरवले असते, तर घरात दुसरे काही झालेच नसते. चुलीपाशी उभे राहायला बाईला बळ हवे, म्हणून शास्त्राने तिला शोकातून लवकर मोकळे केले.

पण त्याच बायकांनी बोलण्यात मात्र हिशेब पक्का ठेवला होता. आमच्या वाड्यातल्या आज्यांना कोणी विचारले, मुले किती, तर उत्तर ठरलेले असे : "सात झाली, पाच राहिली." झाली आणि राहिली. या दोन क्रियापदांच्या मध्ये गेलेली मुले असत. आवाज न चढवता, डोळ्यांना पदर न लावता त्या हे सांगत, आणि समोरची बाई "माझी सहा झाली, चार राहिली" म्हणून आपले खाते उघडत असे. शास्त्राने जे पान ठेवले नव्हते, ते बायकांनी भाषेत ठेवले होते. माझ्या आईची दोन गेली होती. तिनेच माझ्या पत्नीला "विसर आता, दुसरं होईल" म्हणून सांगितले. त्यात दुष्टावा नव्हता. तिला कोणी तरी तेच सांगितले होते. फरक एवढाच, की आई "पाच झाली, तीन राहिली" हे वाक्य जन्मभर चारचौघींत म्हणू शकली. सुनेला ते म्हणता आले नाही.

का नाही आले, याचे उत्तर आकड्यांत आहे आणि आकडे आनंदाचे आहेत. नमुना नोंदणी पाहणीनुसार १९७१ साली देशात हजार जन्मांमागे १२९ अर्भके दगावत होती. २०२० मध्ये ती संख्या २८ वर आली आणि महाराष्ट्रात १६ वर. लसी, दवाखान्यातली बाळंतपणे, शिकलेल्या आया, यांचे हे यश आहे. पण प्रत्येक वाड्यात चार जणींच्या वाट्याला येणारे दुःख आता शंभर घरांच्या सोसायटीत एखादीच्याच वाट्याला येते. ती कोणाजवळ बोलणार? तिच्या वयाच्या कोणालाच तो अनुभव नाही. दुःख विरळ झाले आणि ते सांगण्याचे वाक्यही वापरातून गेले. राहिला तो जुना उपदेश, विसरून जा म्हणणारा. बाळे भराभरा जात होती त्या काळासाठी केलेला तो उपदेश आपण आज एकट्या पडलेल्या बाईला करतो.

मोजल्याने काय होते, असे कोणी म्हणेल, तर त्याने गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या गावांत काम सुरू केले ते आधी घरोघरचे जन्म आणि मृत्यू मोजण्यापासून. १९८८ साली तिथे हजार जन्मांमागे १२१ बाळे जात होती. मोजल्यावर कळले, की त्यांतली बहुतेक पहिल्या महिन्यातच, घरातल्या अंधाऱ्या खोलीत जातात. मग गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला, श्वास मोजायला, ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायला शिकवले. काही वर्षांत त्या गावांतले प्रमाण ३० पर्यंत उतरले. पुढे 'कोवळी पानगळ' या अहवालाने महाराष्ट्राला दाखवून दिले, की सरकारी वहीत बालमृत्यू दिसतात त्यांहून प्रत्यक्षात कितीतरी अधिक होतात. ज्या मुलांची नोंदच नव्हती, त्यांची नोंद केल्यामुळे पुढची मुले वाचली.

घरातल्या नोंदीने कोणाचा जीव वाचत नाही, हे खरे. पण जी मागे राहिली तिला ती नोंद हवी असते. पेन्शनच्या त्या प्रसंगानंतर काही दिवसांनी मी धीर करून पत्नीला विचारले, "इतकी वर्षं तू कोणालाच बोलली नाहीस?"

"एकदा सांगितलं होतं," ती म्हणाली. "२०११ च्या जनगणनेला शाळेतल्या एक बाई आल्या होत्या. तुम्ही बँकेत होतात. त्यांनी विचारलं, आजवर मुलं किती झाली? आणि आता हयात किती? मी म्हटलं, दोन झाली, एक आहे. त्यांनी लिहून घेतलं. पुढे काही विचारलं नाही, पण क्षणभर पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. पाणी प्यायल्या आणि गेल्या."

जनगणनेच्या तक्त्यात विवाहित स्त्रियांना हे दोन प्रश्न विचारतात. लोकसंख्याशास्त्रज्ञांना त्यांतून बालमृत्यूचे प्रमाण काढता येते. आमच्या आज्यांचेच वाक्य सरकारने प्रश्न करून विचारले होते, आणि माझ्या घरात जे मी सव्वीस वर्षे विचारले नव्हते, ते एका अनोळखी शिक्षिकेने दारात उभ्या उभ्या विचारले. उन्हात घरोघर हिंडणाऱ्या त्या बाईंना ठाऊकही नसेल, की त्या दुपारी त्यांनी काय करून ठेवले.

वाचकहो, तुमच्या नात्यात, शेजारात असे एखादे घर असेलच. तिथे जाल तेव्हा शहाणपण सांगू नका. "जे होतं ते बऱ्यासाठी" हे तर मुळीच नको. बाळ कोणासारखे दिसत होते, केस दाट होते का, नाव काय ठेवले होते, असे काही साधे विचारा. तिचे डोळे भरले तर भरू द्या. तुम्ही आठवण करून दिली म्हणून ते भरत नाहीत, आठवण तिथे असतेच. आणि बाळाच्या बापालाही विचारा. तो फॉर्म भरत बसलेला असेल.

गेल्या वर्षी आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायचे ठरले आणि चुलतभावाने सगळ्यांकडे माहितीचे तक्ते पाठवले. जुन्या आवृत्तीत "एक मुलगी अल्पवयात निवर्तली" अशा ओळी जागोजाग आहेत, नाव नसलेल्या. माझ्या तक्त्यात 'अपत्ये' या शब्दापुढे मी आधी दोन असा आकडा घातला. मग पत्नीला हाक मारली आणि एकोणचाळीस वर्षे विचारायचा राहिलेला प्रश्न विचारला, "तिचं नाव काय ठेवणार होतीस?"

"रेवा," ती म्हणाली. तिला आठवावे लागले नाही.

मी लिहिले : १. रेवा. पुढे जन्मतारीख लिहिली, नऊ दिवस असे लिहिले, खाली मुलाचे नाव दोन क्रमांकावर उतरवले आणि तक्ता तिच्यापुढे ठेवला. या कागदावर तिच्या सहीची गरज नव्हती, तरी तिने तो नेहमीप्रमाणे पहिल्या ओळीपासून वाचला आणि माझ्याकडे पेन मागितले. जन्मतारखेतला एक आकडा मी चुकवला होता. तिने तो खोडला आणि शेजारी बरोबर आकडा लिहिला.