आकाशात भोंगा नाही

विक्रोळीच्या कन्नमवारनगरात आयुष्य गेलेल्या माणसाला विमानाचे अप्रूप उरत नाही. वारा पश्चिमेचा असला म्हणजे ठाण्याची खाडी ओलांडून येणारी विमाने आमच्या दक्षिणेला, घाटकोपरच्या डोक्यावरून, एकामागे एक धावपट्टीकडे उतरत राहतात. पोरेसुद्धा मान वर करीत नाहीत. पण ज्यांनी त्या विमानांतून प्रवास केला आहे, त्यांनी आतला एक प्रकार जरूर पाहिला असेल. चाके अजून जमिनीला टेकलेली नसतात, पट्टे सोडायची परवानगी नसते. आणि तरीही खाडी मागे पडते न पडते तोच चार रांगा पुढे कुणाचा तरी फोन टुणटुणतो, मग शेजाऱ्याचा, मग विमानभर रातकिड्यांसारखा एकच कल्लोळ उठतो. आमच्याकडच्या मनोऱ्यांनी त्या फोनांना वरच्या वर झेललेले असते. आठ तासांचे तुंबलेले निरोप दोन मिनिटांत अंगावर कोसळतात.

मला पूर्वी या प्रकाराचे हसू येई. हल्ली वाटते, ती दोन मिनिटे फार मोलाची होती. ती एका सरहद्दीवरची मिनिटे होती. तिच्या अलीकडे माणूस कुणाचाच नव्हता. पलीकडे तो पुन्हा सगळ्यांचा झाला. आता ती सरहद्दच पुसली जात आहे, आणि ती पुसली जात असताना आपण टाळ्या वाजवीत आहोत. माझे भांडण आहे ते या टाळ्यांशी.

आधी एक भाबडी समजूत दूर केली पाहिजे. विमानात फोन लागत नसे तो आपल्याला विश्रांती मिळावी म्हणून, असे कुणाला वाटत असेल तर तो भ्रम आहे. आणि एक फोन चालू राहिला की विमान कोसळते, हा दुसरा भ्रम. विमानाच्या उपकरणांना उपसर्ग पोहोचू नये ही काळजी होतीच. परंतु अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने 1991 मध्ये उडत्या विमानातून मोबाइल वापरण्यावर जी बंदी घातली, तिच्यामागे मुख्य चिंता होती ती जमिनीवरच्या जाळ्याची. मोबाइलचा मनोरा हा जमिनीवरच्या माणसांसाठी उभारलेला असतो. त्याच्या अँटेना किंचित खाली झुकलेल्या असतात, कारण गिऱ्हाईक खाली आहे. दहा किलोमीटर उंचीवरच्या फोनला त्या मनोऱ्याचा धड आवाज येत नाही. उलट त्याला स्वतःला मात्र एकाच वेळी पुष्कळ मनोरे दिसतात. त्यात विमानाचा वेग ताशी आठशे-नऊशे किलोमीटर. एका मनोऱ्याने त्याला दुसऱ्याच्या हवाली करावे, तोवर तो तिसऱ्याच्या हद्दीत गेलेला असतो. वर विमानाचे धातूचे कवच. अशा वेळी फोन बिचारा सगळा जोर लावून ओरडत राहतो, आणि बॅटरी संपवून घेतो. म्हणजे आकाशातली ती शांतता ही कुणाची कृपा नव्हती. ती अँटेनाच्या कलण्याची कृपा होती. माझ्या म्हणण्याचा सगळा पाया एवढ्या एका वाक्यात आहे, म्हणून ते मुद्दाम सांगितले.

हा दोष आता दुरुस्त झाला आहे. विमानाच्या पाठीवर घुमटीसारखी अँटेना बसवितात. तिचे तोंड आकाशाकडे. ती उपग्रहाशी बोलते, उपग्रह जमिनीशी बोलतो, आणि विमानाच्या आत वाय-फायने तो धागा प्रत्येकाच्या फोनपर्यंत, टॅब्लेटपर्यंत येतो. विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटरवर थबकल्यासारखा दिसणारा उपग्रह असेल तर प्रश्न आणि उत्तर यांत अर्ध्या सेकंदाहून थोडे अधिक जाते. साडेपाचशे किलोमीटरवर फिरणारा असेल तर तेवढेही नाही. आपल्याकडे एप्रिल 2014 मध्ये ‘फ्लाइट मोड’वर ठेवलेली उपकरणे संपूर्ण प्रवासभर वापरण्याची मुभा मिळाली. डिसेंबर 2018 मध्ये विमाने व जहाजे यांतल्या दळणवळणाचे नियम आले. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर सेवा सुरू करावी असे त्यांनी ठरविले. 2020 मध्ये विस्ताराने परदेशच्या फेऱ्यांवर वाय-फाय दिले. 1 जानेवारी 2025 रोजी एअर इंडियाने देशातल्या देशात उडणाऱ्या काही विमानांतही ते आणले. नोव्हेंबर 2024 मध्ये इस्रोने जीसॅट-एन2 हा 4,700 किलोंचा उपग्रह सोडला, त्याच्या कामांत विमानातल्या उतारूंना इंटरनेट पुरविणे हेही एक आहे. आपल्या सर्वांत बलाढ्य रॉकेटलाही तो पेलला नसता, म्हणून तो अमेरिकन रॉकेटवरून गेला.

यावर चिडून यंत्राला शिव्या देणाऱ्यांतला मी नव्हे. विक्रोळीच्या माणसाला तो अधिकारच नाही. आमच्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर इस्रोच्या रॉकेटांसाठी विकास इंजिने घडली. दुसऱ्या एका कारखान्यात लेथवर तीस वर्षे काढलेला मी माणूस. एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी किती घाम गाळावा लागतो ते मला ठाऊक आहे. ज्यांनी ही सोय केली त्यांच्यापुढे मी हात जोडतो. माझा प्रश्न सोयीचा नाही, मालकीचा आहे. आकाशातल्या त्या तासांचा मालक कोण?

कारखान्यात या प्रश्नाला उत्तर होते. उत्तराचे नाव भोंगा. भोंगा वाजला की चाक थांबे, कॉटनवेस्टचा बोळा खाली पडे, आणि फाटकाबाहेर पडलेल्या माणसाला साहेबाने हाक मारावयाची नाही अशी रीत होती. मारलीच तर ओव्हरटाइम मोजावा लागे. आम्हांला ही रीत जन्मसिद्ध वाटे. पण ती तशी नव्हती. मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टीसुद्धा नव्हती असे दिवस होऊन गेले आहेत. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांच्या सभा भरविल्या, हजारोंच्या सह्यांचे अर्ज धाडले, आणि रविवारची सुट्टी पदरात पडली ती 10 जून 1890 रोजी. सहा वर्षे लागली, एका रविवारला! पुढे 1948 च्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या कामाला 48 तासांची वेस घातली. आज जो नोकरदार रविवारी उशिरापर्यंत लोळतो, त्याच्या उशाला लोखंड्यांचे उपकार आहेत.

विमानातले तास मात्र कुणी झगडून मिळविलेले नव्हते. ते आकाशातून पडले होते. साहेब रागावू शकत नव्हता, कारण फोन लागत नाही याला कुणाचाच इलाज नव्हता. म्हणून त्या तासांवर कुणी हक्क सांगितला नाही, कुणी कायदा मागितला नाही. आणि आता ते जात आहेत तर कुणी ओरडतही नाही. भांडून मिळविलेली सुट्टी कुणी काढू लागले तर माणसे रस्त्यावर येतात. फुकट मिळालेली सुट्टी गेलेली कळतसुद्धा नाही.

ही केवळ तत्त्वचर्चा असती तर मी दिवाळी अंकाची पाने अडविली नसती. घरातली गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी माझ्या वहिनीला पहाटे अर्धांगाचा झटका आला. पुतण्या तेव्हा कंपनीच्या कामासाठी लंडनला. मिळेल त्या विमानाने निघाला. नऊ तासांचा प्रवास. त्याने पैसे भरून इंटरनेट घेतले, आणि मी इकडे रुग्णालयाच्या बाकावर बसून दर अर्ध्या तासाने त्याला कळवीत राहिलो: आत नेले आहे; डॉक्टर बाहेर आले होते; वाट पाहा म्हणतात. शेवटी “शुद्धीवर आली, उजवा हात हलवते,” हे मी लिहिले तेव्हा तो कुठल्या समुद्रावर होता कुणास ठाऊक. पण ते वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचले. पोहोचले हे फार बरे झाले. माझ्या युक्तिवादाला हे अडचणीचे आहे, तरी मी ते लपविणार नाही.

परंतु त्याच दारातून आणखी कुणी आत शिरले. पुतण्याच्या नावापुढे हिरवा ठिपका उमटला. तो ‘उपलब्ध’ आहे, असे त्याच्या कचेरीला कळले. पहिला निरोप सहानुभूतीचा होता: आई कशी आहे? दुसरा असा: नेट चालते आहे वाटते? तिसऱ्या निरोपाबरोबर एक फाइल आली, “जमल्यास बघ” या शब्दांसह. नोकरी केलेल्या कुणालाही ‘जमल्यास’चा अर्थ समजावून सांगायला नको. पुतण्याने साडेतीन तास ती फाइल केली. एका खिडकीत आईची खबर, दुसऱ्या खिडकीत आकडे. पहाटे तो विमानतळावरून थेट वॉर्डात आला तेव्हा त्याचे डोळे तांबारलेले होते. वहिनीने तोंडाच्या एका कोपऱ्यातून, अडखळत विचारले, “विमानात झोप लागली का रे?” तो म्हणाला, “लागली.” मग बाहेर येऊन मला म्हणाला, “काका, गंमत बघा, मी त्यांना नाही म्हणू शकलो असतो. पण नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं.”

हे वाक्य मला विसरता येत नाही. ‘विमानात होतो’ हे गेली कित्येक वर्षे या जगातले शेवटचे सभ्य कारण होते. त्यात उद्धटपणा नव्हता, खोटेपणा नव्हता. ते कारण यंत्राने काढून घेतले आणि त्याच्या जागी माणसाने काहीही ठेवले नाही.

कुणी म्हणेल, घेऊ नये इंटरनेट. कुणी बळजबरी केली आहे? हा युक्तिवाद चाळीत पहिला टेलिफोन आला तेव्हाही ऐकला आहे. सोय एकाने घेतली की ती चैन असते. सर्वांनी घेतली की ती अट होते. आज विमानात नेट असल्याचे कौतुक आहे. उद्या नसल्याचा खुलासा द्यावा लागेल. शेजारच्या खुर्चीवरचा तुमच्याच कचेरीतला माणूस मीटिंगला बसला आणि तुम्ही डोळे मिटलेत, तर वर्षअखेरीच्या पगारवाढीत ते डोळे उघडे पडतील.

कुणी असेही म्हणेल, की विमानातून हिंडणाऱ्यांची ही लाडिक दुखणी. लोकलमध्ये लोंबकळणाऱ्यांना त्याचे काय? त्याला माझे उत्तर असे. लोकलमधल्या माणसाचे तास केव्हाच गेले आहेत. ठाणे-विक्रोळी दरम्यान एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने साहेबाला उत्तर देणारी माणसे मी रोज पाहतो. आकाश हा एकच तुकडा उरला होता. शेवटचा तुकडा श्रीमंतांच्या अंगणात आहे म्हणून तो जाऊ द्यावा, हा न्याय मला पटत नाही. एका ठिकाणी वेस राखता आली तर ती खाली आणता येईल.

कायद्याची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. ज्या डिसेंबर 2018 मध्ये आकाश खुले करणारे नियम आले, त्याच महिन्यात सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत एक खासगी विधेयक मांडले. कामाची वेळ संपल्यावर कचेरीच्या फोनला उत्तर न देण्याचा हक्क नोकरदाराला असावा, एवढेच त्याचे मागणे. एकाच महिन्यात एक दार उघडले आणि एक कडी मागितली गेली. दार उघडे आहे. कडीचे काय झाले असेल ते वाचकांनी ओळखलेच असेल. 1970 नंतर आपल्या संसदेत एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. फ्रान्समध्ये असा हक्क 1 जानेवारी 2017 पासून लागू झाला, ऑस्ट्रेलियात 2024 मध्ये. तेव्हा हे अशक्य कोटीतले मागणे आहे असे म्हणण्याची सोय नाही.

मला दार बंद करून नको आहे. त्या दारातून वहिनीची खबर गेली आहे. मला त्या दाराला कडी हवी, आणि ती आतून हवी. म्हणजे काय, ते स्पष्ट मांडतो. कचेरीने प्रवासाचे तास एकतर कामाचे धरावेत आणि त्यांचे पैसे मोजावेत, किंवा ते उतारूचे मानावेत आणि तिकडे फिरकू नये. दोन्हीकडून जेवू नये. विमानातले जाळे जोडताना हिरवा ठिपका आपोआप उमटू नये; उतारूने स्वतः लावला तरच लागावा. आणि 2018 च्या नियमांत मजकुराबरोबर आवाजालाही वाव आहे. तो आवाज केबिनमध्ये येऊ देऊ नये. शेजाऱ्याच्या मीटिंगचा आवाज ऐकत साखळदंडाने बांधल्यासारखे बसण्याहून मोठी शिक्षा पट्टा बांधलेल्या माणसाला दुसरी कोणती?

चौथी गोष्ट कायद्याने होणारी नाही. ती आपली आपण करावयाची आहे. त्या रात्री माझ्या एका निरोपाला पुतण्याचे उत्तर दहा मिनिटे आले नाही, तर मी अस्वस्थ झालो, थोडासा रागावलोही. नेट असून हा उत्तर का देत नाही? मग लक्षात आले की हा प्रश्न मी त्याच्या साहेबाच्याच आवाजात विचारला आहे. कदाचित तो रडत असेल. कदाचित खिडकीतून खाली पाहत असेल. दहा मिनिटे तरी त्याची त्याला असायला हवी होती.

आकाशात भोंगा नाही. तो कुणीतरी वाजवावा लागेल. लोखंड्यांना एका रविवारसाठी सहा वर्षे लागली. आपल्याला किती लागतील ते मी सांगू शकत नाही. परंतु त्यांनी सुरुवात केली ती मागण्यापासून, आणि आपण अजून मागितलेलेही नाही.