सिमेंटच्या पिशव्यांवरचे धर्मशास्त्र

रोज सकाळी म्हणावयाच्या यहुदी प्रार्थनेत, आपल्याला गुलाम केले नाही याबद्दल ईश्वराचे आभार मानणारे एक वचन आहे. दुसऱ्या महायुद्धात लिथुएनियातील कोव्हनो (आजचे कौनास) शहराच्या घेट्टोमध्ये एक मनुष्य या वचनापाशी अडखळला. अंगावर पिवळी चांदणी शिवलेली, पोटात अन्न नाही आणि दिवसभर बंदुकीच्या धाकाखाली वेठ. अशा माणसाने हे वचन कोणत्या तोंडाने म्हणावे? मनात नसलेले ओठांवर आणणे हे ईश्वराशी खोटे बोलणे नव्हे काय? हा प्रश्न त्याने एका तरुण रब्बीला विचारला. उत्तर मिळाले, की वचन म्हटलेच पाहिजे. शास्त्राला येथे अभिप्रेत असलेला गुलाम म्हणजे ज्याच्यावर सर्व धर्माज्ञांचे बंधन नाही असा मनुष्य. वेठीला धरलेल्या यहुद्यावरचे ते बंधन सुटलेले नाही, म्हणून तो गुलाम नाही. आणि शत्रू त्याला गुलाम ठरवू पाहत असताना तर त्याने हे आवर्जून म्हणावे.

हे उत्तर आम्ही प्रथम वाचले तेव्हा ते आम्हांला निव्वळ शब्दच्छल वाटले होते. आज तसे वाटत नाही. मधल्या काळात आमचे मत का बदलले, हेच येथे सांगावयाचे आहे.

उत्तर देणाऱ्याचे नाव एफ्राइम ओश्री. जन्म १९१४ सालचा, लिथुएनियातील कुपिश्किस गावचा. शिक्षण स्लोबोदका या कोव्हनोच्या उपनगरातील नामांकित येशिवात, म्हणजे ताल्मूदच्या पाठशाळेत. जून १९४१ मध्ये जर्मन सैन्य आले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुमारे ३०,००० यहुद्यांना काटेरी तारांच्या आत कोंडण्यात आले. ही तारांआडची वस्ती त्याच स्लोबोदकात होती. जेथे विद्यार्थी म्हणून वावरले तेथेच ओश्री कैदी झाले. पुढे तर नाझींनी जप्त केलेल्या यहुदी ग्रंथांच्या कोठाराची राखण त्यांच्याकडे आली. ज्या ग्रंथांच्या आधारे निर्णय द्यावयाचा ते ग्रंथ अशा रीतीने शत्रूनेच त्यांच्या हाती दिले. सिमेंटच्या पिशव्यांचे कागद चोरून फाडावे, त्यांवर प्रश्न आणि निर्णय टिपावे, ते डब्यांत घालून जमिनीत पुरावे, असा त्यांचा क्रम होता. ऑगस्ट १९४४ मध्ये शहर मुक्त झाल्यावर त्यांनी ते डबे उकरून काढले. याच टिपणांतून 'मि-मामाक्किम' (अर्थ : 'खोल गर्तेतून') हा पाच खंडांचा हिब्रू ग्रंथ १९५९ पासून प्रसिद्ध होत गेला.

हा लेखनप्रकार आपल्या वाचकांस अपरिचित असण्याचा संभव आहे. आपल्याकडे 'निर्णयसिंधू'सारखे निबंधग्रंथ झाले; त्यांत विषय आधी मांडलेला असतो आणि मनुष्य नंतर येतो. रब्बींच्या 'शेएलोत उ-तेशुवोत'मध्ये, म्हणजे प्रश्नोत्तरांच्या वाङ्मयात, क्रम उलटा असतो. आधी एक विशिष्ट मनुष्य विशिष्ट अडचण घेऊन येतो. मग ताल्मूद, मायमोनिडीस, मध्ययुगीन टीकाकार आणि नंतरचे रब्बी एकामागून एक बोलावले जातात. त्यांचे परस्परविरोध तपासले जातात. आणि शेवटी, कधी दोन ओळींत, निर्णय येतो. या प्रकाराला हजार वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे. कोंबडीच्या पोटात सापडलेल्या खिळ्यापासून विधवेच्या पुनर्विवाहापर्यंत काहीही त्यात येऊ शकते.

१९८३ मध्ये या ग्रंथातील निवडक प्रकरणांचे इंग्रजी भाषांतर एका खंडात निघाले. इंग्रजीतून वाचणाऱ्या बहुतेकांना ओश्री माहीत आहेत ते या पुस्तकामुळे, आणि आमचे पहिले वाचनही त्याचेच. त्यात प्रश्न आहे, प्रसंग आहे, निर्णय आहे. मधला शास्त्रार्थ मात्र बहुतांशी गाळला आहे. सामान्य वाचकासाठी हे योग्यच म्हणावे लागेल. पण परिणाम असा होतो, की प्रत्येक प्रकरण ही एक हृदयद्रावक कथा बनते आणि निर्णय हा तिचा चटका देणारा शेवट. वर्गात अशी प्रकरणे वाचली की विद्यार्थी गलबलतात आणि पुढे जातात. आम्हीही तसेच गेलो होतो. गुलामाचे ते उत्तर शब्दच्छल वाटले, कारण गुलाम कोणाला म्हणावे याविषयी शतकानुशतके चाललेला वाद आमच्यासमोर नव्हता. तो वाद ठाऊक झाल्यावर ध्यानात येते, की प्रश्नकर्त्याला सांत्वन म्हणून काही दिलेलेच नाही. पाचशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या व्यापाऱ्याचा प्रश्न ज्या गांभीर्याने तपासला गेला असता, त्याच गांभीर्याने याचाही तपासला आहे. ज्या वस्तीत माणसाची किंमत त्याच्या कामाच्या परवान्याइतकी होती, तेथे ही लहान गोष्ट नव्हे.

परवान्यांचीच गोष्ट घ्या. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मनांनी घेट्टोच्या यहुदी परिषदेकडे कारागिरांसाठी ५,००० परवाने दिले. परवाना म्हणजे जीव, हे लवकरच सर्वांना उमगले. परिषदेने ते वाटावेत काय? एकाला देणे म्हणजे दुसऱ्याला मरणाच्या रांगेत उभे करणे नव्हे काय? एखाद्याने धक्काबुक्की करून परवाना हिसकावला तर तो दोषी काय? ताल्मूदचा दंडक असा, की दुसऱ्याचा जीव देऊन आपला वाचवता येत नाही, कारण कोणाचे रक्त अधिक मोलाचे हे कोणीच सांगू शकत नाही. परंतु परंपरेत आणखी एक बारीक भेद आहे. संकट अमुक एका माणसावर निश्चित होण्यापूर्वी स्वतःला वाचवण्याचा यत्न करणे वेगळे, आणि निश्चित झाल्यावर ते दुसऱ्याच्या माथी ढकलणे वेगळे. या भेदाच्या धाग्याला धरून ही सारी चर्चा चालते. येथे 'आपद्धर्म' हा आपला शब्द चटकन जिभेवर येतो, पण तो वापरताना आम्ही कचरतो. आपल्याकडेही आपद्धर्म शास्त्राच्या आतलाच आहे हे खरे. तथापि रोजच्या बोलण्यात आपण तो नियम बाजूला ठेवण्याच्या अर्थाने वापरतो. ओश्री नियम बाजूला ठेवीत नाहीत. ते नियमात जागा शोधतात, आणि जागा नसेल तर तसे सांगतात.

आता आमच्या म्हणण्याला छेद देणारी गोष्ट. हा जो मधला शास्त्रार्थ आम्ही एवढा मोलाचा मानतो, तोच बराचसा युद्धानंतर विस्तारलेला आहे. पिशवीच्या चिटोऱ्यावर अनेक पानांची चर्चा मावणार नाही हे उघड आहे. मग घेट्टोतले लेखन म्हणून आपण जे वाचतो ते न्यूयॉर्कमधील एका रब्बीने मागे वळून रचलेले आहे काय? काही अंशी आहे. अमुक दिवशी अमुक शब्द उच्चारले गेले याचा पुरावा म्हणून हा ग्रंथ जपूनच वापरावा लागेल.

परंतु शास्त्रार्थ घेट्टोत घडतच नव्हता असे यावरून ठरत नाही. परिषदेचे सचिव अव्राहाम तोरी यांची त्या काळातली दैनंदिनी उपलब्ध आहे. ऑक्टोबर १९४१ मध्ये सर्वांनी मैदानात जमावे असा जर्मन हुकूम आला. तो परिषदेने प्रसिद्ध करावा की नाही, हे विचारण्यास सदस्य रात्री वृद्ध व आजारी मुख्य रब्बी अव्राहाम दोव्हबेर शापिरो यांच्याकडे गेले. शापिरोंनी ग्रंथ पाहण्यास अवधी मागितला. मंडळी परत आली तेव्हाही ते ग्रंथांतच बुडालेले होते. अखेर त्यांचा निर्णय असा पडला, की समाजाचा काही भाग तरी वाचण्याची शक्यता असेल तर नेत्यांनी धैर्य एकवटून ती जबाबदारी घ्यावी. २८ ऑक्टोबरला लोक जमले. त्यांतील सुमारे ९,२०० जणांना निवडून वेगळे काढले गेले आणि दुसऱ्या दिवशी नवव्या किल्ल्यावर गोळ्या घालण्यात आल्या. निर्णय बरोबर होता की चूक, हे ठरवण्याच्या भानगडीत आम्ही पडणार नाही. पण अशा रात्री एक म्हातारा मनुष्य ग्रंथ उघडण्यास वेळ मागतो, हे दृश्य ओश्रींच्या पानांना मागून आधार देते.

सर्वच निर्णयांपुढे आम्ही मान तुकवत नाही. बायकामुलांची हत्या पाहावी लागू नये म्हणून आत्महत्या करण्याची अनुमती एकाने मागितली. ओश्रींनी ती नाकारली. कोव्हनोत आत्महत्या अगदी मोजक्याच झाल्या याचा त्यांना अभिमान होता. तो आम्हांला बोचतो, कारण ज्यांनी तो मार्ग पत्करला ते या अभिमानाच्या बाहेर उभे राहतात. युद्धानंतर एका तरुणीने हातावर गोंदलेला छावणीचा क्रमांक शस्त्रक्रियेने काढावा काय असे विचारले. ओश्री म्हणाले, काढू नये. ते लांच्छन नसून मानचिन्ह आहे, आणि ते पुसणे म्हणजे गुन्हेगारांचेच काम पुरे करणे होय. युक्तिवाद भक्कम आहे. पण हात तिचा होता. येथे प्रथमच आम्हांला वाटले, की व्यक्तीपासून निघालेले उत्तर समाजापाशी जाऊन थांबले.

ओश्री १९५० च्या दशकाच्या प्रारंभी न्यूयॉर्कला आले आणि नॉरफोक स्ट्रीटवरील बेथ हमेद्राश हगादोल या जुन्या सिनेगॉगचे रब्बी झाले. २००३ मध्ये त्यांचे निधन झाले. ती इमारत २०१७ मध्ये आगीत जळाली. पाच खंड आहेत, पण हिब्रू, आणि तेही ताल्मूदच्या परिभाषेने गच्च भरलेल्या हिब्रूत. आम्हांला स्वतःला ते तज्ज्ञाच्या मदतीवाचून वाचता येत नाहीत. आमचे वाचन दोनचार प्रकरणांच्या पलीकडे गेलेले नाही. तेवढ्यावरूनच हे धाडस केले आहे. वर्गात इंग्रजी संक्षेप लावणाऱ्या अध्यापकांनी निदान एक प्रकरण, परवान्यांचे किंवा गुलामाचे, मधल्या शास्त्रार्थासकट मराठीत आणवून घ्यावे. वेळ फार लागेल, एखादे सत्र सहज जाईल.